पॉलिएस्टरचे सूत रक्तवाहिनीसाठी घडवताना

कपड्यांसाठी पॉलिएस्टरचे सूत काढणाऱ्या विभागातून मी कृत्रिम रक्तवाहिनीच्या कामाकडे आलो, तेव्हा पॉलिएस्टर ज्याचे बनते ते पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट हे बहुवारिक (पॉलिमर) तेच होते आणि ते साधारण २६० अंश सेल्सिअसलाच वितळत होते. बदलायचे होते ते त्याच्या सोबत येणारे सगळे. कपड्याच्या तंतूत चमक कमी करण्यासाठी टायटॅनियम डायॉक्साइड मिसळतात, तर यंत्रावर घर्षण आणि स्थिर विद्युत त्रास देऊ नये म्हणून त्यावर तेलकट स्पिन फिनिश चढवतात. टायटॅनियम नसलेला तंतू आम्हाला निवडता आला, फिनिश मात्र टाळता येईना, कारण त्यावाचून सूत यंत्रावरच तुटते. त्यामुळे रक्तवाहिनीची नळी तयार झाल्यावर हे फिनिश पूर्णपणे धुऊन काढणे हाच आमच्या कामाचा गाभा ठरला.

पेशींवरील चाचणीने आमची खरी परीक्षा घेतली. नळीचे तुकडे पोषक द्रवात ३७ अंशांवर ठेवायचे आणि त्या अर्कात उंदराच्या एल-९२९ नावाच्या पेशी वाढवायच्या. त्यांची जीवनक्षमता ३० टक्क्यांहून अधिक घटली, तर वैद्यकीय साधनांच्या चाचणीसाठीच्या आयएसओ १०९९३-५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पदार्थ पेशींना विषारी समजला जातो. धुण्याचे तापमान, क्षालक (डिटर्जंट) आणि शेवटच्या शुद्ध पाण्याच्या फेऱ्या हे सारे आम्ही या चाचणीकडे पाहूनच ठरवत गेलो. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे कापड पेशींना स्वच्छ वाटेलच असे नाही, आणि इथे निर्णय पेशींचाच मानला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

रचनेचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. उभ्या-आडव्या धाग्यांचे कापड रक्त कमी झिरपू देते, पण कापल्यावर त्याच्या कडा उसवतात. निटिंगची, म्हणजे धाग्याचे फासे एकमेकांत गुंतवून विणलेली, नळी मऊ असते आणि तिला टाके घालणे सोपे जाते, मात्र तिची छिद्रे मोठी असतात. आम्ही निटिंग स्वीकारले, १२० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाखाली दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला किती पाणी झिरपते ते मोजले आणि भिंतीची छिद्रे कोलाजेन या प्रथिनाच्या थराने बुजवली. त्याआधी नळीला उष्णतेने चुण्या पाडून घेतल्या होत्या, कारण वाकवल्यावर ती मुडपून बंद होता कामा नये.

कोलाजेनला उष्णता सोसत नाही, म्हणून वाफेऐवजी इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुकीकरण केले. हा वायू स्वतःच विषारी असल्याने नळ्या हवेशीर ठेवून त्याचा उरलेला अंश मोजला, आणि तो मर्यादेत आल्यावरच तो गट पुढे पाठवला.