बोकडाची चरबी, खोबरेल, एरंडेल

आमच्याकडे रविवारी मटण असतं. पणजोबांच्याही आधीपासून आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि रविवारचा रस्सा मात्र अजून सातारकडचा. खाटीक मांस तोडण्याआधी गुर्द्याभोवतीची पांढरी चरबी ओढून काढतो आणि पायाशी ठेवलेल्या डब्यात टाकतो. लहानपणापासून मी ते बघत आलोय. त्या चरबीचा साबण करावा हे मात्र आईच्या पायांमुळे सुचलं.

आईचं वय चौऱ्याहत्तर. डिसेंबर लागला की तिच्या नडग्यांवर कातडी खवल्यासारखी सुटते, टाचांच्या भेगांतून रक्त येतं. इथली थंडी कोरडी असते आणि आमच्या घरी नळाला तिघरा धरणाचं पाणी आलं नाही की बोअरिंगचं वापरावं लागतं. ते इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरट साका बसतो. आंघोळ करून आली की आई म्हणायची, "अंग नुसतं ओढतंय रे." साबण बदलून पाहिले, तेल लावून पाहिलं. तेल लावल्यावर दोन तास बरं वाटायचं, एवढंच.

माझा धंदा वजनकाटे दुरुस्तीचा. दाल बाजारातले पोती तोलायचे काटे, सराफ्यातले मिलिग्रॅम दाखवणारे काटे, नापतौलच्या, म्हणजे वजनमाप खात्याच्या, शिक्क्याची तारीख जवळ आली की सगळे माझ्या टेबलावर येतात. साबणाबद्दल वाचताना पहिली गोष्ट कळली ती ही की हे काम वाटीचमच्याचं नाही, ग्रॅमचं आहे. तिथेच माझं मन बसलं.

प्रत्येक तेलाला, प्रत्येक चरबीला तिचा साबण व्हायला ठरावीक कॉस्टिक सोडा लागतो. एक ग्रॅम बोकडाच्या चरबीला साधारण 0.139 ग्रॅम, खोबरेलाला 0.183, एरंडेलाला 0.128. खोबरेलाला चरबीच्या मापाने कॉस्टिक घातला तर बरंच तेल साबण न होता तसंच उरेल, वडी तेलकट राहील. चरबीला खोबरेलाच्या मापाने घातला तर उरलेला कॉस्टिक कातडी जाळेल. माझं माप असं आहे: चरबी 700 ग्रॅम, खोबरेल 200, एरंडेल 100. तिन्हींचा हिशेब केला की 146.7 ग्रॅम कॉस्टिक येतो. त्यातून सात टक्के मी मुद्दाम कमी करतो आणि 136 ग्रॅम घेतो. म्हणजे थोडी चरबी साबण न होता तशीच वडीत राहते. आईच्या पायांना हवी होती ती हीच. पाणी 300 ग्रॅम, आरओचं. बोअरिंगचं अजिबात नको. इंटरनेटवर साबणाच्या हिशेबाचे कॅल्क्युलेटर आहेत. कुणाचंही माप घ्या, माझंसुद्धा, पण आधी तिथे ताडून पाहा.

चरबी कढवायला मला दोन-तीन दिवस लागतात. गुर्द्याभोवतीचीच घ्यावी, ती सगळ्यात पांढरी आणि घट्ट असते. फ्रिजमध्ये गार करून बारीक चिरायची, मांसाचा एकेक तंतू आणि रक्ताचा डाग काढून टाकायचा. वास येतो तो बऱ्याच अंशी ह्या तंतूंमुळे. स्टीलच्या पातेल्यात पाणी घालून अगदी मंद आचेवर तीन तास ठेवायची, मग मलमलीतून गाळायची. पातेलं मी रात्रभर गच्चीवर झाकून ठेवतो. ग्वाल्हेरच्या जानेवारीत फ्रिजची गरजच पडत नाही. सकाळी पाण्यावर चरबीची चकती घट्ट बसलेली असते. तिच्या खालच्या अंगाला तपकिरी थर असतो, तो सुरीने खरवडून काढायचा. मग नवं पाणी, मूठभर मीठ, पुन्हा मंद आच, पुन्हा गच्ची. तिसऱ्या खेपेला चकती दुधासारखी पांढरी निघते आणि नाकाजवळ नेली तरच बोकडाचा वास लागतो. अडीच किलो कच्च्या चरबीतून मला दीड किलोच्या आसपास मिळते.

आता कॉस्टिकबद्दल, आणि हे कृपा करून घाईत वाचू नका. रबरी हातमोजे, डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. पोरं, मांजरं, सगळ्यांना बाहेर काढून दार लावायचं, खिडकी मात्र उघडी. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, थोडा थोडा, ढवळत. कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. पाणी क्षणात इतकं तापतं की भांड्याला हात लावता येत नाही, आणि वर येणारी वाफ घशाला झोंबते. अल्युमिनियमचं भांडं तर चुकूनही नको. आपल्या स्वयंपाकघरात अल्युमिनियमची पातेली असतातच आणि कॉस्टिक त्यांना खातो, वर पेट घेणारा वायू सुटतो. अंगावर थेंब उडाला तर ताबडतोब नळाखाली, बराच वेळ. मी साबणाची भांडी वेगळीच ठेवली आहेत, कडांना लाल ऑइलपेंट लावून, गच्चीवरच्या खोलीत.

पहिली खेप ग्वाल्हेरचा मेळा लागला होता त्या दिवसांतली, गेल्या वर्षीच्या जानेवारीतली. ती बिघडली. चरबी वितळवली, कॉस्टिकचं पाणी मात्र तोवर पार गार झालं होतं आणि खोलीही गार. दोन्ही एकत्र करून हँड ब्लेंडर फिरवला तर पाच मिनिटांत मिश्रण श्रीखंडासारखं घट्ट. मला वाटलं झालं. साच्यात ओतलं, झोपलो. सकाळी वर पाण्याचे थेंब साचलेले होते, आणि पीएच कागद लावला तर गडद निळा. चरबी नुसती थंडीने गोठली होती, कॉस्टिकशी तिची गाठच पडली नव्हती. इतकी मेहनत करून कढवलेली चरबी फेकवेना. सगळं पातेल्यात परत घेतलं, उकळत्या पाण्यावर ठेवून वितळवलं, पुन्हा ब्लेंडर फिरवला आणि तसंच मंद आचेवर दीड तास ठेवलं. शेवटी ते उकडून कुस्करलेल्या बटाट्यासारखं दिसायला लागलं. वड्या खडबडीत झाल्या, पण चांगल्या निघाल्या.

तेव्हापासून थर्मामीटर. चरबी आणि कॉस्टिकचं पाणी, दोन्ही 45 ते 50 अंशांवर आले की एकत्र करायचे. ब्लेंडर थोडा फिरवायचा, थोडा नुसता ढवळायचा. ब्लेंडर उचलून धार सोडली की पृष्ठभागावर तिची रेघ काही क्षण दिसत राहिली पाहिजे. मग बटर पेपर लावलेल्या लाकडी खोक्यात ओतायचं आणि जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कापतो. एका खेपेत बारा वड्या.

आणि मग थांबायचं, सहा आठवडे. ह्या काळात मी एक वडी रोज रात्री काट्यावर ठेवतो. पहिल्या दिवशी ती 118 ग्रॅम होती. पहिल्या आठवड्यात भराभर उतरली, मग रोज अर्धा ग्रॅम, मग तेवढंही नाही. बेचाळिसाव्या दिवशी 106. वजन उतरायचं थांबलं की वडीतलं सुटं पाणी गेलं आणि वडी कडक झाली असं मी धरतो. घाई करून वापरली तर न्हाणीघरात लवकर विरघळते. सहा आठवड्यांनी पीएच नऊ-दहाच्या मध्ये येतो. साबणाचा तेवढा असायचाच.

सुगंध मी काही घालत नाही. आईला चंदन हवं होतं, पण भेगा पडलेल्या कातडीवर अत्तरं नकोत असं माझं मत आहे आणि ते मी बदललं नाही. फेस दुकानातल्या साबणासारखा भसभसून येत नाही, दाट आणि सायीसारखा येतो. नुसत्या खोबरेलाचा साबण फेस खूप देतो, पण तो कातडीवरचं तेलही ओरबाडून नेतो, म्हणून ते 200 च्या वर जाऊ देत नाही. साबण होताना जे ग्लिसरीन तयार होतं ते मोठ्या कारखान्यांत बहुधा वेगळं काढून घेतात, घरच्या वडीत ते सगळं राहतं. ह्याने आईच्या भेगा भरल्या असं मी म्हणणार नाही. साबण हा औषध नव्हे, आणि टाचांना ती रात्री मलम लावतेच. पण आंघोळीनंतर तिचं ते "अंग ओढतंय" ह्या थंडीत मी एकदाही ऐकलं नाही.

दिवाळीनंतर आई म्हणाली, संक्रांतीला वाण म्हणून ह्याच वड्या लुटू. मी नको म्हणालो. आमच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या निम्म्या बायका शाकाहारी. वरच्या मजल्यावरच्या काकू तर कांदालसूणही खात नाहीत. आई म्हणे, "साबणच ना तो? खायचा थोडाच आहे? सांगायचं कशाला?" त्या रात्री आमचं बरंच वाजलं. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, तीस वर्षं. दुसऱ्या दिवशी चहा ओतता ओतता आपणहून म्हणाली, "दरवर्षी पोरांना सत्तावन्नचा धडा शिकवत होते. काडतुसांना कसली चरबी लावलीय ते कुणी नीट सांगेना, तिथूनच पेटलं. आणि मीच तुला सांगू नको म्हणते." झाशीच्या राणीची समाधी आमच्या घरापासून दूर नाही. शाळेची पोरं घेऊन ती तिथे दरवर्षी जायची.

मग नोव्हेंबरच्या मध्यावर मी वेगळ्या भांड्यात तिळाच्या तेलाची एक खेप केली, खोबरेल आणि एरंडेल घालून. संक्रांतीला तीळच बरा. तो साबण मऊ राहतो, दोन महिने सुकू दिला तेव्हा कुठे हातात धरण्याजोगा झाला. चरबीची वडी ह्याच्यापेक्षा कितीतरी सरस, हे मला कबूल करावंच लागेल. प्रत्येक वडीवर कागद गुंडाळला आणि आईने तिच्या शाळेच्या अक्षरात लिहिलं. एका टोपलीत "तीळ, खोबरेल, एरंडेल". दुसऱ्या टोपलीत "बोकडाची चरबी, खोबरेल, एरंडेल". वरच्या काकूंनी तिळाची उचलली, दुसऱ्या टोपलीवरचं वाचलं आणि आईचा हात क्षणभर धरला. चरबीच्या टोपलीतल्याही पाच गेल्या.

सहावी मी खाटकाला नेऊन दिली. चरबीचे पैसे त्याने कधी घेतले नव्हते. त्याचे हात मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. पहाटेपासून गार पाण्यात, सांध्यांवर चिरा पडलेल्या, नखांभोवती कातडं सुटलेलं. वडी हुंगून त्याने विचारलं, "ये उसी चर्बी का है?" मी हो म्हणालो. तो बराच वेळ ती उलटीपालटी करून बघत होता.

आता तो गुर्द्याची चरबी डब्यात टाकत नाही. माझ्यासाठी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवतो, तंतू साफ करून. ह्या रविवारी अडीच किलो निघाली. त्याच्या बायकोसाठी दोन वड्या बाजूला ठेवल्या आहेत, त्या 14 तारखेला तयार होतील.