मोहॉक माउंटन: बर्फ पडायची वाट बघत बसू नका

मोहॉक माउंटनला स्कीइंगला जायचं असेल तर खिडकीबाहेर बघून बेत ठरवू नका. आम्ही जानेवारीत निघालो तेव्हा न्यू जर्सीत अंगणातलं गवत उघडं होतं. अडीच तास गाडी हाकून कनेक्टिकटच्या लिचफील्ड टेकड्यांत शिरलो, तरी रस्त्याच्या कडेला नुसता पाचोळा. दीर पुण्याहून आला होता, त्याला स्कीइंगचं आमिष दाखवून भल्या पहाटे उठवलं होतं. तो आता माझ्याकडे संशयाने बघायला लागला. शेवटच्या वळणावर डोंगर समोर आला. सगळं रान तपकिरी आणि त्यातून माथ्यापासून पायथ्यापर्यंत ओढलेले पांढरेशुभ्र पट्टे.

"वहिनी, डोंगरावर रांगोळी घातलीय का कोणी?"

घातलीच होती म्हणायची. आभाळातून पडलेला बर्फ त्या दिवशी औषधालासुद्धा नव्हता. होता तो सगळा यंत्रांनी पाणी फवारून केलेला.

डोंगर छोटा आहे, हे आधीच सांगते. पायथ्यापासून माथा जेमतेम ६५० फूट. सह्याद्रीत भटकलेला माणूस याला टेकडी म्हणेल आणि व्हरमाँटच्या मोठ्या डोंगरांवर नियमित जाणारे मित्र नाक मुरडतील. पण ज्याला अजून नीट थांबताही येत नाही त्याला ६५० फूट पुष्कळ होतात. शिवाय या टेकडीला इतिहास आहे. वॉल्ट शोनेक्ट नावाच्या माणसाने १९४७ मध्ये हे ठिकाण सुरू केलं. १९४९-५० चा हिवाळा कोरडा गेला, तेव्हा या गृहस्थाने कारखान्यातून बर्फाच्या लाद्या ट्रकने आणवल्या, त्यांचा चुरा केला आणि तो उतारावर पसरला. शेकडो टन! त्याच हिवाळ्यात कनेक्टिकटमध्येच मिलफर्डला टे मॅन्युफॅक्चरिंग ही स्की बनवणारी कंपनी अडचणीत होती. बर्फ नाही तर स्की कोण घेणार? तिथल्या वेन पीअर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची या तिघांनी रंग फवारायच्या गनसारखं नोझल, एक कॉम्प्रेसर आणि बागेला पाणी घालायचा पाइप जोडून मार्च १९५० मध्ये बर्फ पाडून दाखवला. १९५४ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. सुरुवातीच्या प्रयोगांपासून मोहॉकचं या यंत्राशी नातं आहे, त्यामुळे ते स्वतःला स्नोमेकिंगचं माहेरघर म्हणवतात. आज इथले जवळजवळ सगळे उतार यंत्रांच्या टप्प्यात येतात.

आम्ही गेलो तेव्हा कडेच्या एका उतारावर बर्फ फवारणाऱ्या गन चालू होत्या. आवाज म्हणाल तर जेट विमानाच्या शेजारी उभं राहिल्यासारखं वाटतं, बोलणं ऐकू येत नाही. तिथे काम करणारा एक माणूस फवाऱ्याखाली शिरला, काळ्या जॅकेटची बाही पुढे धरून दहा-पंधरा सेकंद तसाच उभा राहिला, मग बाहीकडे निरखून पाहिलं आणि जाऊन नळाचं चाक थोडं फिरवलं. माथ्यावर नेणाऱ्या टांगत्या खुर्च्यांच्या लिफ्टच्या रांगेत त्याची गाठ पडली तेव्हा मी विचारलंच. कण बाहीवरून टणकन उडून गेले तर बर्फ कोरडा. बाहीला चिकटून ओले डाग पडले तर पाणी जास्त होतंय, कमी करायचं. सगळे आकडे कंट्रोल रूममध्ये दिसत असले तरी शेवटी बाहीवरच भरवसा.

मी माझा हातमोजा पुढे केला. यंत्राच्या बर्फाला चांदणीचा आकार नसतो. बारीक, गोल, खसखशीएवढे दाणे. आभाळातल्या बर्फाला खाली येईपर्यंत भरपूर वेळ मिळतो, त्यात त्याचे सहा हात फुटतात आणि मध्ये हवा अडकते. गनमधून सुटलेल्या थेंबाला जमिनीवर पडायला जेमतेम काही सेकंद मिळतात, तेवढ्यात तो गोठायला हवा. म्हणून हा बर्फ जड असतो. ताज्या नैसर्गिक बर्फाचा एक फूट थर वितळवला तर साधारण एक इंच पाणी निघतं, यंत्राच्या बर्फाचं पाच इंचांच्या आसपास निघेल. एका एकरावर फूटभर अंथरायला सहा-सात लाख लिटर पाणी लागतं. तिकीट महाग का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं विजेच्या बिलात.

आता तुमच्या कामाचं. बर्फ बनेल की नाही हे नुसत्या तापमानावर ठरत नाही, हवेतल्या दमटपणावरही ठरतं. हवा कोरडी असेल तर थेंबाचं थोडं पाणी उडून जातं, उरलेलं त्याने गार होतं, आणि ३२ फॅरनहाइटलाही काम चालतं. दमट हवेत २८ ला सुद्धा नुसता चिखल. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये 'वेट बल्ब' (दमटपणा धरून काढलेलं तापमान) दिसत असेल तर तो २७-२८ च्या खाली आहे का बघा. दिसत नसेल तर सोपा हिशोब असा: ओळीने दोन-तीन रात्री स्वच्छ आभाळ, पारा विशीत किंवा त्याखाली. अशा रात्रींनंतरचा दिवस गाठा. लगेच दुसऱ्या दिवशी नको, एक दिवस मध्ये जाऊ द्या. ताजा पडलेला ढीग पाणी निथळेपर्यंत तसाच ठेवतात, मग ग्रूमर (बर्फ सपाट करणारी गाडी) फिरवून पसरतात. निथळलेला आणि ग्रूम केलेला यंत्राचा बर्फ, सकाळी साडेनऊची वेळ, नवशिक्यासाठी याहून चांगलं काही नाही. दिराने दुपारपर्यंत पिझ्झाच्या तुकड्यासारखे पाय करून थांबायला शिकून घेतलं ते अशाच बर्फावर. उतार सगळीकडे सारखा, पायाखाली काय येणार हे ठाऊक. मग फक्त स्वतःच्या गुडघ्यांकडे लक्ष द्यायचं.

चालू गनच्या खालून मात्र जाऊ नका. जावंच लागलं तर वेग बेताचा ठेवा. तिथला बर्फ ओला असतो, स्की अचानक धरली जाते, आणि वरचा देह पुढे निघून जातो. गॉगलवर पाण्याचे थेंब गोठतात ते वेगळंच.

फेब्रुवारीत नॉरईस्टर, म्हणजे इथलं मोठं हिवाळी वादळ, आलं. रात्रीत जवळजवळ फूटभर बर्फ पडला, लेकीच्या शाळेला सुट्टी. मी म्हटलं, चला, आता खरा बर्फ बघू. आणि रूप काय सांगू! तेच तपकिरी रान ओळखू येईना, हेमलॉकच्या फांद्या ओझ्याने जमिनीला टेकलेल्या, लिफ्टवरून जाताना स्कीखाली आवाजच नाही. लेक बरी स्की करते, ती उताराच्या कडेकडेने, जिथे कोणी गेलं नव्हतं तिथून ओरडत खाली गेली.

दिराचे हाल झाले. जानेवारीत शिकलेलं सगळं विसरल्यासारखं. पिझ्झा करायला पाय पसरावे तर पाय बर्फात रुतलेले. वळायला जोर लावला की पडणं ठरलेलं. आणि पडल्यावर सुटलेली स्की शोधायची, ती बर्फाखाली दोन हात पुढे. अकरा वाजेपर्यंत लोकांनी सगळा मऊ बर्फ ढकलून जागोजागी उंचवटे केले आणि मधल्या खळग्यांत खालचा जुना, कडक थर उघडा पडला. तो थर म्हणजे जानेवारीतलाच यंत्राचा बर्फ. नैसर्गिक बर्फ त्याच्यावर पाहुणा म्हणून येतो. ग्रूमरखाली दबला की फुटाचे काही इंच होतात, एक उबदार पाऊस झाला की तेही जातात, आणि जड थर मार्चपर्यंत टिकतो. दक्षिण न्यू इंग्लंडमधल्या छोट्या डोंगरांचं पोट या थरावर आहे. फक्त आभाळाच्या भरवशावर चालायला व्हरमाँटच्या मॅड रिव्हर ग्लेनसारखी जागा लागते. तिथे स्नोमेकिंग नावापुरतंच आहे आणि १९९५ पासून स्की करणाऱ्यांचीच सहकारी संस्था तो डोंगर चालवते. आपली साखर कारखान्यांची सवय पाहता मला ही कल्पना फार आवडली, पण तिथे नवशिक्याला नेऊ नका.

म्हणून माझं मत असं. पहिल्यांदा जाताय, लहान मुलं आहेत, भारतातून पाहुणे आलेत? शनिवार-रविवार सोडून यंत्राच्या बर्फाचा, कोरड्या थंडीचा दिवस निवडा. स्की येत असेल तर वादळानंतरची सकाळ सोडू नका, लिफ्ट सुरू होतानाच हजर राहा. आणि पाऊस पडून लगेच पारा घसरला असेल तर कोणीच जाऊ नका. त्या दिवशी उतार काचेसारखा असतो, वेबसाइटवर त्याला 'फर्म' (घट्ट) असं सभ्य नाव देतात. तिथेच 'बेस', म्हणजे उतारावरच्या बर्फाचा थर, किती इंच लिहिलाय याकडे बघण्यापेक्षा किती उतार उघडे आहेत ते बघा. डिसेंबरात अनेकदा मोजकेच असतात आणि शनिवारी सगळी गर्दी त्यांच्यावरच.

तिकीट आणि भाड्याचं सामान आधी ऑनलाइन घ्या. प्रेसिडेंट्स डेचा, म्हणजे फेब्रुवारीतल्या सुट्टीचा, आठवडा टाळा. जीन्स आणि सुती मोजे नकोत, ओले झाले की वाळत नाहीत. हेल्मेट घ्याच. यंत्राच्या बर्फावर आपटलं की लागतं, तो कापूस नव्हे. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडातही स्कीइंग चालतं, पण दिवसा ऊन होतं तर सूर्य कलताच वरचा थर पुन्हा गोठतो. नवशिक्यांनी चारला आवरावं. डब्यात आम्ही मेथीचे ठेपले आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं. थर्मासमधला चहा दोनला संपला, मोठा थर्मास न्या.

न्यू जर्सीहून येताना डॅनबरीनंतर रूट ७ धरून केंटवरून वर यायचं, मग कॉर्नवॉल ब्रिजला रूट ४ वर वळायचं. रस्ता सुंदर आहे पण अरुंद, आणि अंधार पडल्यावर दिवसा वितळलेलं पाणी वळणांवर गोठलेलं असतं. पेट्रोल वाटेत आधीच भरून घ्या. कॉर्नवॉलच्या आसपास फोनचा सिग्नल दगा देतो, त्यामुळे नकाशा डाउनलोड करून ठेवा आणि तिकिटाच्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट घरूनच काढून निघा.