आमची वाटचाल: आधी राज्य विचारायचं, मग पातं दाखवायचं

मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला आले. लेकीने शाळेत तिरंदाजी घेतली आणि तिच्या बाणांची पिसं दर आठवड्याला निघायला लागली. दुकानात टाकायचं तर दोन-दोन आठवडे थांबावं लागे. म्हणून एक जिग, म्हणजे पिसं चिकटवताना बाण धरून ठेवणारा साचा, विकत आणला आणि गॅरेजात बसून मीच चिकटवायला लागले. २०११ साली शेजारचे दोघे आपले बाण घेऊन आले. दोघेही एल्कचे, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाचे, शिकारी. तिरंदाजीच्या सामानाचा आमचा धंदा सुरू झाला तो असा.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, शिकारीचं सामान विकतेस? आपल्याकडे तुरुंगात घालतील!" तिचंही बरोबरच. भारतात वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे. इथे टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, काढून ठरलेल्या दिवसांत करायची असते आणि खाण्याजोगं मांस टाकून देणं गुन्हा आहे. हे ऐकल्यावर ती जरा शांत झाली. पुढचा प्रश्न आला, "एवढं मांस मावतं कुठं?"

पहिली चार-पाच वर्षं आम्ही नुसते विक्रेते होतो. भिंतीवर ब्रॉडहेडची, म्हणजे बाणाला लावायच्या धारदार टोकांची, पाकिटं टांगलेली, गिऱ्हाईक बोट दाखवणार, आम्ही काढून देणार. २०१६ च्या सप्टेंबरात एकाला उघडणाऱ्या पात्यांची तीन पाकिटं दिली. ही पाती उडताना मिटलेली असतात आणि लागल्यावर फाकतात. कोलोरॅडोत ती चालतात. हा माणूस निघाला होता आयडाहोला, आणि तिथे तेव्हा त्यांना बंदी होती. त्याने नियमपुस्तक उघडलं ते शिकारीच्या आदल्या संध्याकाळी. मग गावात जाऊन स्थिर पात्यांची टोकं घेतली, पण धनुष्य त्यांच्यासाठी लावलेलं नव्हतं. बाण वीतभर डावीकडे. त्याचे दोन दिवस नेम धरण्यातच गेले. पैसे परत केले, पण ते दोन दिवस कुठून देणार? चूक माझीच होती. कुठे चाललात, एवढं मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून आमच्या बिलावर पहिली ओळ राज्याची असते, दुसरी प्राण्याची. कोलोरॅडोचा नियम मला झोपेतही पाठ आहे: धनुष्याची ओढ (दोरी ताणायला लागणारा जोर) किमान ३५ पौंड, ब्रॉडहेड किमान ७/८ इंच रुंद, पोलादी धारा निदान दोन, आणि प्रत्येक धार टोकापासून शेवटापर्यंत एकाच प्रतलात. माँटानात ७/८ इंच आहेच, शिवाय ब्रॉडहेड ७० ग्रेनहून (सुमारे साडेचार ग्रॅम) हलकं नको आणि अख्खा बाण ३०० ग्रेन तरी हवा. तरीही दर हंगामाआधी त्या-त्या राज्याचं नवं नियमपुस्तक आम्ही काउंटरवर ठेवतो. पाठांतरावर भरवसा ठेवून एकदा हात पोळलेत.

पण नियमात बसणारं टोक कामाचं असेलच असं नाही. लोक अर्धा तास पात्यांवर वाद घालतात आणि शाफ्ट, म्हणजे बाणाची दांडी, कुठलाही उचलतात. आम्ही उलट्या बाजूने सुरुवात करतो. शाफ्टवर ३४० किंवा ४०० असा आकडा असतो, तो स्पाइन. २८ इंचांवर टेकवलेल्या शाफ्टच्या मध्यावर ८८० ग्रॅम टांगले की तो इंचाचे किती हजारांश वाकतो, ते त्यातून कळतं. आकडा लहान तितका बाण ताठ. पुढे जड टोक लावलं की तोच बाण जास्त लवतो, म्हणून टोक १०० ग्रेनचं की १२५, हे शाफ्ट कापण्याआधीच ठरवावं लागतं.

एक निवृत्त शिक्षिका येतात. ४५ पौंडांचं धनुष्य, निघाल्या होत्या एल्कच्या शिकारीला. त्यांना रुंद फाकणारं टोक हवं होतं, जाहिरातीत पाहिलेलं. मी चक्क नाही म्हटलं. पाती उघडण्यात बाणाचा जोर खर्च होतो, आणि रुंद टोकाला आत शिरायलाही जोर लागतो. कमी ओढीला अरुंद, स्थिर, दोन पात्यांचं टोक आणि साधारण ४५० ग्रेनचा, म्हणजे २९ ग्रॅमच्या आसपासचा बाण बरा. बाण दोन्ही फुफ्फुसांतून आरपार जायला हवा. जखमी एल्क मैलभर पळून हाती लागला नाही, तर त्यात विक्रेत्याचाही वाटा असतो, असं मी मानते.

मग बाण सरळ उडतो का ते पाहायला चौकटीत ताणलेल्या कागदातून त्यांनी तो सोडला. टोकाचं भोक खाली, पिसांची फाट बोटभर वर. रेस्ट, म्हणजे धनुष्यावरचा बाण टेकायचा आधार, केसभर उचललं, पुन्हा सोडला. चौथ्या खेपेला एकच भोक आणि भोवती तीन बारीक चिरा. त्या कागद घडी करून पर्समध्ये घालून गेल्या.

आज आमची निम्म्याहून जास्त कमाई या कागदफाडीतून होते, पाकिटांतून नाही. २०२३ मध्ये आदिती स्वामी बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा साताऱ्याची म्हणून मी दुकानात पेढे वाटले. गिऱ्हाइकांना पेढाही नवीन आणि साताराही.

ऑगस्ट लागला की रात्री नऊपर्यंत दिवा असतो. येताना धनुष्य आणा, सगळे बाण आणा, आणि कुठे चाललात ते सांगा.