पिल्लाचं घर लागलं!

आजचा अख्खा रविवार कासवाच्या पेटीत गेला. पिल्लू हर्मन जातीचं, मूळ भूमध्य समुद्राकाठचं. इथे मँचेस्टरमध्ये त्याला ऊन घरातच करून द्यावं लागतं.

लाकडी, वरून उघडी पेटी. एका टोकाला उष्णतेचा दिवा, खाली सपाट दगड. तापमान पेटीच्या भिंतीवर नाही, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर मोजायचं. तिथे ३२ ते ३५ अंश हवं, दुसऱ्या टोकाला २२च्या आसपास. कासव अंगातली ऊब स्वतः तयार करत नाही, ऊन-सावलीत ये-जा करूनच सांभाळतं. यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची ट्यूब वेगळी लावली. खिडकीतलं ऊन पुरत नाही, काच यूव्हीबी अडवते. ते नसेल तर ड जीवनसत्त्व बनत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं.

सगळ्यात जास्त वेळ मातीला दिला. कोकोपीट मिसळून, मुठीत दाबली की गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये इतकी ओली. कोरड्यात वाढलेल्या पिल्लांच्या पाठीवर उंचवटे येतात आणि ते पुन्हा कधीच बसत नाहीत.

संध्याकाळी कोमट पाण्यात बसवलं. मान लांब करून बराच वेळ प्यायलं, गळ्याची कातडी हलताना दिसत होती. काय बरं वाटलं!

पिल्लू प्रमाणपत्रासकट घेतलंय, इथे तो कायदाच आहे. भारतातल्या मित्रमैत्रिणींनो, तिकडे स्टार कासव पाळणं गुन्हा आहे. महाराष्ट्रात कुणी विकताना दिसलं तर वनविभागाच्या १९२६ वर लगेच कळवा.