मॅटनं किटीशी लग्न केलं का?

गुडघ्यातली गादी झिजलीय असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी उजवा पाय जरा ताठच टाकते. परवा दुपारी भाजी घेऊन परत येताना बँकेच्या काचेच्या दारात माझंच चालणं मला समोरून दिसलं. एक पाय सरळसोट, तो पुढं आणायला कमरेतून एक हिसका, आणि तोल सावरायला हातातली पिशवी जरा लांब धरलेली. हे चालणं आपण कुठंतरी पाहिलंय, नुसतं पाहिलं नाही तर गिरवलंय, असं वाटत राहिलं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत पोचले आणि नाव आठवलं. चेस्टर!

चेस्टर कोण हे माझ्या वयाच्या फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक असेल. बाकीच्यांना थोडं मागून सांगावं लागेल.

१९६३ साली बाबा गव्हाच्या तांबेऱ्यावर पीएच. डी. करायला अमेरिकेत गेले आणि मागोमाग आई आणि मी. गावाचं नाव मॅनहॅटन, पण हे कॅन्ससमधलं. पुण्यातल्या नातेवाइकांची शेवटपर्यंत समजूत होती की आम्ही कुठल्यातरी गगनचुंबी इमारतीत राहतो आणि तरीही पत्रात गव्हाबद्दलच लिहितो. आमच्या खिडकीतून दिसणारी सगळ्यांत उंच गोष्ट म्हणजे धान्याचं कोठार. घर एका म्हाताऱ्या विधवाबाईंच्या घराचा तळमजला, आणि त्यात आधीच्या भारतीय विद्यार्थ्यानं जाताना विकलेला एक टीव्ही. लाकडी खोका, पुढं फुगलेली काच, वर दोन दांड्यांचा अँटेना आणि दांड्यांच्या टोकांना चुरगळलेला चंदेरी कागद. बटण फिरवलं की आधी आवाज यायचा. चित्र यायला वेळ लागे, कारण आतल्या काचेच्या नळ्या तापायला हव्यात. तेवढ्यात आई चिवडा काढायची. पोहे मिळत नसत, म्हणून राइस क्रिस्पीज या कुरकुरीत तांदळाच्या लाह्यांचा. फोडणी अस्सल, पोहे परके. त्या चिवड्याची चव मला अजून पुण्यात जमलेली नाही, आणि कुणाला जमावी अशी इच्छाही नाही.

आईनं त्या टीव्हीवर क्रोशाचा रुमाल घातला होता. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागलं. घरमालकीणबाईंनी विचारलं तेव्हा बाबांनी काय उत्तर दिलं कोण जाणे, पण पुढच्या दसऱ्याला बाई स्वतःहून फुलं घेऊन आल्या.

शनिवारी रात्री नऊ वाजता तेरा नंबरच्या वाहिनीवर 'गनस्मोक' ही काउबॉयची मालिका लागायची. आठवड्यातून एकदाच मला एवढ्या उशिरापर्यंत जागायची परवानगी होती. गोष्ट १८७० च्या दशकातल्या डॉज सिटीची. म्हणजे आमच्याच कॅन्ससची! मॅट डिलन नावाचा साडेसहा फुटांहून उंच मार्शल, म्हणजे गावात कायदा राखणारा अधिकारी, कुरकुरणारे डॉक्टर, लाँग ब्रँच नावाच्या दारूच्या गुत्त्याची मालकीण मिस किटी, आणि मार्शलचा मदतनीस चेस्टर. चेस्टरचा एक पाय ताठ. तो कॉफी करायचा आणि ती कायम वाईट व्हायची. 'मिस्टर डिलन!' अशी हाक तो अशा काही लांबवून मारायचा की मी तशी हाक मारत आमच्या घरात स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत लंगडत फिरायचे. आई ओरडायची, "अगं, मुलीच्या जातीला हे शोभतं का? खरंच पाय तसा राहील." साठ वर्षांनी राहिला, तो भाग वेगळा.

आम्ही तिघं एकाच सोफ्यावर बसून तीन वेगवेगळ्या मालिका बघत होतो असं मला आता वाटतं. मी चेस्टरचा पाय बघायचे. बाबा जमीन बघायचे. मॅट घोड्यावरून कुणाच्या पाठलागावर निघाला की बाबा पुढं सरकून बसत आणि घोड्याच्या मागं बोट दाखवत. "हा खडक इथला नाही. ही झुडपं बघ, ही कॅलिफोर्नियाची. कॅन्ससमध्ये असले डोंगर आहेत कुठं?" बरोबरच होतं त्यांचं. चित्रण हॉलिवूडच्या आसपासच व्हायचं. पण दर शनिवारी? मॅटला गोळी लागून तो धुळीत पडलाय, मी श्वास रोखून बसलेय आणि बाबा म्हणताहेत, "मातीचा रंग बघ." शिवाय डॉज सिटीतला काउबॉयांचा जमाना बंदुकांनी संपला नाही, गोचिडीनं संपवला, ही त्यांची आवडती गोष्ट. टेक्सासहून हजारो गुरं हाकत आणली जायची, त्यांच्या अंगावरच्या गोचिडींमुळं इथल्या गुरांना ताप यायचा आणि ती मरायची, म्हणून १८८५ मध्ये कॅन्ससनं टेक्सासच्या गुरांना राज्यबंदीच केली. "एक गोचीड!" बाबा बोट वर करून म्हणत. "एवढ्या सगळ्या पिस्तुलवाल्यांना जे जमलं नाही ते!" ही गोष्ट त्यांनी घरमालकीणबाईंनाही सांगितली. त्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या. त्यांना ती ठाऊकच होती, पण त्यांनी पूर्ण ऐकून घेतली.

आणि आई बघायची किटीला. गुत्त्याची मालकीण म्हणून आधी तिनं नाक मुरडलं होतं. मग हळूहळू मत बदललं. "एकटी बाई धंदा सांभाळते, हिशेब ठेवते, कुणाची एक बोट वर करायची बिशाद नाही." मॅट मरणाच्या दारातून परत आला की किटी त्याच्याकडं अशी बघायची की सात वर्षांच्या मलाही काहीतरी कळायचं. पण पुढं काही नाही. तो टोपी चढवून बाहेर. आई चिवड्याची वाटी खाली ठेवायची आणि बाबांना विचारायची, "अहो, हे दोघं लग्न का करत नाहीत?"

बाबा म्हणायचे, "लग्न केलं तर मालिका संपेल."

"आपण नाही का केलं? संपलं काही?"

वरच्या बाईंकडं रंगीत टीव्ही होता. रविवारी त्या आम्हाला 'बोनान्झा' बघायला बोलवत. सुरुवातीला पडद्यावरचा नकाशा मधोमध पेटायचा आणि त्या ज्वाळेतून चार घोडेस्वार यायचे. नारिंगी रंग मी पहिल्यांदा बघतेय असं वाटायचं. त्यातल्या बापाची तीन लग्नं झालेली, प्रत्येक बायकोपासून एक मुलगा, आणि तिन्ही बायका वारलेल्या. आईनं हे बाईंकडून नीट समजून घेतलं आणि तिचा त्या मालिकेवरचा विश्वासच उडाला. "तिघींपैकी एक तरी ठेवायची होती जिवंत," ती जिना उतरताना म्हणाली. मग तिला नादच लागला. कुठलीही काउबॉयची मालिका असो, आई आधी आई शोधायची. 'रायफलमॅन'मध्ये बाप आणि मुलगा, आई वारलेली. लोन रेंजरला तर घोडाच. "यांच्या आया जातात कुठं?" हा प्रश्न तिनं इतक्यांदा विचारला की बाबांनी शेवटी उत्तर द्यायचं सोडून दिलं. मला अजूनही त्याचं उत्तर सापडलेलं नाही. कदाचित घरात आई असती तर कुणी एवढ्या उन्हात पिस्तूल घेऊन रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला नसता.

गल्लीतली पोरं काउबॉय आणि इंडियन असा खेळ खेळायची. मला कुठली भूमिका मिळायची ते सांगायला नकोच. मी चेस्टर होते म्हणून हट्ट धरायचे, पण चेस्टर मुलगी नसतो, काळा-सावळा नसतो आणि त्याच्या दोन वेण्या नसतात, या तिन्ही मुद्द्यांवर ती पोरं ठाम होती.

त्या नोव्हेंबरात एका शनिवारी नऊ वाजले आणि मॅट आला नाही. आदल्या दिवशी डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींना गोळी घातली होती. सगळ्या वाहिन्यांनी सगळे कार्यक्रम रद्द केले होते, शुक्रवारपासून सोमवारपर्यंत फक्त तेच. चिवडा कुणी काढला नाही. बाई खाली येऊन आमच्याच सोफ्यावर बसल्या होत्या, स्वतःचा रंगीत टीव्ही वर सोडून. दुसऱ्या दिवशी, रविवारी, केनेडींना मारल्याच्या आरोपावरून पकडलेल्या ऑस्वाल्डला पोलिसांच्या तळघरात बाहेर आणत असताना एका माणसानं पुढं येऊन त्याच्या पोटात गोळी झाडली. ते आमच्या त्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर दिवसभर दाखवत राहिले. ऑस्वाल्डच्या मनगटाला मनगट बांधलेला एक डिटेक्टिव्ह होता. अंगात फिक्या रंगाचा सूट आणि डोक्यावर थेट काउबॉयची हॅट. मला वाटलं हा आता पिस्तूल काढणार. हा काढतोच. पण तो नुसता मागं झुकला आणि ऑस्वाल्डचं तोंड वाकडं झालं. गोळी लागलेली माणसं मी तोपर्यंत दर शनिवारी बघत होते. ती कशी छातीवर हात ठेवून, टोपी बाजूला पडेल अशा बेतानं कोसळायची. तोंड कुणाचंच असं होत नसे. आईनं उठून टीव्ही बंद केला. मधोमध एक पांढरा ठिपका राहिला, आणि मग तोही गेला.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुमाराला चेस्टरही गेला. म्हणजे मालिका सोडून गेला. त्याच्या जागी फेस्टस नावाचा दुसरा कुणी आला, लोकांना तो फार आवडला, पण मी त्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

आम्ही एकदा खऱ्या डॉज सिटीलाही गेलो. बाबांच्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्यानं गाडीतून नेलं. जुना फ्रंट स्ट्रीट म्हणून जी दुकानांची रांग दाखवली ती १९५८ साली नव्यानं उभारलेली. गुरांचा वास मात्र अस्सल होता. आणि तिथंच बाबांना कळलं की खऱ्या डॉज सिटीत त्या काळी रेल्वेरुळांच्या उत्तरेला पिस्तूल घेऊन फिरायलाच बंदी होती. त्या दिवशी बाबांइतका सुखी माणूस कॅन्ससमध्ये नव्हता. दगड खोटे, झुडपं खोटी, आणि आता बंदुकासुद्धा!

आणखी एक खोटं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला कळलं तेही फार उशिरा. चेस्टरचं काम करणारा डेनिस वीव्हर चांगला धडधाकट माणूस होता, कॉलेजात मैदान गाजवलेला. १९४८ च्या ऑलिंपिकसाठी डेकॅथलॉनच्या, म्हणजे धावणं-उड्या-फेक अशा दहा प्रकारांच्या स्पर्धेच्या, निवडचाचणीत उतरला होता. पडद्यावर मॅटपेक्षा उणा दिसावा म्हणून त्याला तो ताठ पाय दिला होता. आणि मॅट? मॅटचं काम करणारा जेम्स आर्नेस दुसऱ्या महायुद्धात इटलीत अँझिओला उतरला होता. तिथं १९४४ मध्ये त्याच्या उजव्या पायाची गोळ्यांनी चाळण झाली. तो पाय त्याला जन्मभर दुखला. घोड्यावर बसताना कळा यायच्या. वीस वर्षं तो त्या पायावर रस्त्याच्या मधोमध ताठ उभा राहिला, आणि मी आपली शेजारच्या धट्ट्याकट्ट्या माणसाचं लंगडणं गिरवत होते.

१९६६ मध्ये परत आलो. टीव्ही पुढच्या विद्यार्थ्याला विकला, रुमाल परत आणला. पुण्यात टीव्ही नव्हताच. रेशनच्या दुकानात अमेरिकेचा तांबडा गहू मिळायचा. आई म्हणायची, "हा बघा, आला मागोमाग." दूरदर्शन मुंबईत १९७२ मध्ये सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात दिसायला लागलं. शेजाऱ्यांकडं पहिल्यांदा 'आमची माती, आमची माणसं' बघून बाबा घरी आले ते खुशीत. "निदान माती तरी इथलीच आहे," म्हणाले.

आईचं मन मात्र डॉज सिटीत अडकलेलं. अमेरिकेहून कुणीही आलं, कुणाचा भाचा, कुणाचा जावई, की चहा पुढं करून ती पहिला प्रश्न टाकायची: "मॅटनं किटीशी लग्न केलं का हो?" बहुतेकांना ती कुणा ओळखीच्यांची चौकशी करतेय असं वाटायचं. एकानं तर "पत्ता दिलात तर भेटून येईन," असं सांगितलं. आईनं विचार करून सांगितलं, "लाँग ब्रँच, डॉज सिटी."

लग्न झालं नाहीच. किटी १९७४ मध्ये मालिकेतून गेली. १९७५ मध्ये वीस वर्षांनी मालिका बंद झाली, तीही शेवटचा भाग असा काही न करताच, एका साध्या सोमवारी. १९८७ मध्ये एका चित्रपटात दोघं पुन्हा भेटले. तेव्हाही लग्न नाही. हे आईला कुणीतरी पत्रानं कळवलं होतं. ती फक्त "हं" म्हणाली.

पुढच्या वर्षी आई गेली. १९९० मध्ये आणखी एक चित्रपट आला. त्यात निघालं की मॅटला एकवीस वर्षांची मुलगी आहे. किटीची नव्हे, भलत्याच बाईची. १९७३ च्या एका भागात म्हणे त्याची स्मृती गेली होती, तेव्हाची ती गोष्ट. स्मृती गेली होती! बाबांनी हे ऐकलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिला कळलं नाही ते बरंच झालं. मला त्याच्या वतीनं उत्तरं देत बसावं लागलं असतं."