दादाचं कोपर
देवास नाक्याजवळ दादाची मोटरसायकल घसरली. कोपरामागची कातडी गेली, हाड उघडं पडलं. मला वाटलं, मांडीची कातडी लावली की झालं. पण इथल्या इंदूरच्या सर्जननी समजावलं, उघड्या हाडावर नुसती कातडी जगत नाही; तिला खालून रक्त मिळावं लागतं. म्हणून पाठीचा लॅटिसिमस डॉर्सी स्नायू सोडवून, काखेतून फिरवून कोपरावर बसवला. त्याची रक्तवाहिनी मात्र तोडलीच नाही! मला हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. मांडीची पातळ कातडी मग त्या स्नायूवर लावली.

रात्री सिस्टर सारख्या फ्लॅपचा, म्हणजे त्या फिरवून बसवलेल्या स्नायूचा, रंग बघायच्या. निळसर पडला तर रक्त तुंबल्याची शंका.

आता फिजिओथेरपी. कोपर फार लवकर आखडतं, म्हणून दुखलं तरी दादा सांगितलेले व्यायाम चुकवत नाही. वजन उचलायला अजून परवानगी नाही.