‘डाएट सोसत नाही’ म्हणून आलेला पेशंट

केसपेपरवर तक्रार एका ओळीत होती: अशक्तपणा, चक्कर, हातपाय थरथरणं. वय ६१. डायबेटिस नऊ वर्षांचा, ब्लडप्रेशर त्याहून जुनं. गोळ्या चार: शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि सकाळी नाश्त्याबरोबर ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम, ब्लडप्रेशरसाठी टेल्मिसार्टन ८० आणि अम्लोडिपिन ५. सोबत मुलगी होती आणि निदान ती घरूनच घेऊन आली होती. "डॉक्टर, बाबांना हे डाएट सोसत नाहीये. सगळे म्हणतात, बंद करा."

असं कुणी म्हणालं की मी आधी गोळ्यांची यादी पुढे ओढते आणि मग ताटाकडे वळते. कारण पेशंट जेव्हा खरोखर मनावर घेऊन खाणं बदलतो, तेव्हा आहारही औषधासारखाच काम करतो, आणि ते औषध प्रिस्क्रिप्शनवर कुठेच लिहिलेलं नसतं. इथे तर डाएटचा चार्ट कुणाकडून तरी फोनवर आलेला. त्यात काय खायचं ते सगळं होतं. चालू गोळ्यांचं काय करायचं, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

त्यांची वही मात्र बघण्यासारखी होती. रोजचं खाणं, चालणं, वजन, सकाळची शुगर, सगळं रकाने पाडून लिहिलेलं. त्यावरून हिशेब करणं सोपं गेलं. पूर्वी दोन्ही जेवणांत दोन-दोन कप भात, सकाळी ब्रेडचे चार स्लाइस, दिवसभरात साखरेचे चार चहा आणि अधूनमधून बिस्किटं. शिजवलेल्या भाताच्या एका कपात साधारण ४५ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं, ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये १२ ते १५ ग्रॅम. सगळं धरून दिवसाला ३०० ग्रॅमच्या आसपास. नव्या ताटात अर्धी जागा भाज्यांना, पाव भाग डाळ किंवा अंडी आणि जेमतेम अर्धा कप भात. साखर पूर्ण बंद. दिवसाचं कार्बोहायड्रेट १०० ते ११० ग्रॅमवर आलेलं. शिवाय दुपारच्या जेवणाआधी ४५ मिनिटं भरभर चालणं. तीन आठवड्यांत वजन ८२ वरून ७८.

या चार किलोंत सगळी चरबी नव्हती. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. कार्बोहायड्रेट एकदम कमी केलं की तो साठा रिकामा होतो आणि पाणीही जातं. त्यात इन्सुलिनची पातळी उतरली की किडनी जास्त मीठ बाहेर टाकते, त्याच्यामागे आणखी पाणी. म्हणून पहिल्या पंधरवड्यात वजन झपाट्याने उतरतं आणि नंतर वेग मंदावतो. नेमक्या याच पंधरवड्यात ब्लडप्रेशरही खाली येतं. पेशंट वजनकाट्यावर खूश असतो, त्यामुळे ब्लडप्रेशरकडे कुणाचं लक्ष नसतं.

वहीतल्या शुगर ९८, १०४, १०१ अशा होत्या. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला होता: शुगर तर उत्तम आहे, म्हणजे थरथर कमी खाण्यामुळे. पण हे सगळे आकडे सकाळी उपाशीपोटीचे. थरथर व्हायची साडेअकराच्या सुमारास आणि कधी दुपारी चारला. त्या वेळी एकदाही बोट टोचलेलं नव्हतं. ग्लिमेपिराइडचा रक्तातला जोर गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत सर्वांत जास्त असतो आणि परिणाम दिवसभर टिकतो. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, रक्तात साखर किती आहे याची फारशी वाट न बघता. पूर्वीच्या नाश्त्याला तेवढं इन्सुलिन लागत होतं. आता नाश्ता तिसऱ्या हिश्श्याचा, आणि वर बरोबर त्याच वेळी चालणं. चालताना स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात, आणि चालून झाल्यावर पुढचे कित्येक तास इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात. दुपारी चारची थरथर त्यामुळेच.

हे मी त्यांना समजावत असतानाच त्यांची उत्तरं संथ व्हायला लागली. वरच्या ओठावर घाम आला. घड्याळात अकरा पस्तीस झाले होते. हात धुऊन, पुसून बोट टोचलं (बोटाला फळाचा रस किंवा साखर लागलेली असेल तर आकडा खोटा वाढतो, म्हणून धुणं टाळायचं नाही). ग्लुकोमीटर म्हणाला ५६.

७० च्या खाली गेली की उपचार करायचाच, ५४ च्या खाली गेली तर प्रकरण गंभीर. मुलीने पर्समधून चॉकलेट काढलं. ते परत ठेवायला सांगितलं, कारण त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. बिस्किटांचंही तेच. १५ ग्रॅम सरळ साखर हवी: तीन सपाट चमचे पाण्यात विरघळवून, किंवा ग्लुकोज पावडर, किंवा १५० मिलिलिटर गोड फळांचा रस. मग १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं. ७० च्या वर नसेल तर तेवढंच पुन्हा. पेशंट नीट गिळू शकत नसेल किंवा गुंगीत असेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट इमर्जन्सी. यांची १५ मिनिटांनी ८४ झाली. तरी लगेच घरी सोडलं नाही. ही गोळी दिवसभर काम करत राहते, किडनी मंद असेल तर त्याहूनही जास्त वेळ, त्यामुळे शुगर पुन्हा घसरू शकते. थोडं खायला दिलं, तासाभराने पुन्हा तपासलं आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं.

मधल्या वेळात चक्करेकडे वळलो. पाच मिनिटं झोपवून ब्लडप्रेशर १२६/७६. उभं केल्यावर एका मिनिटाने १०२/६६ आणि "आत्ता, अशीच चक्कर येते" हे वाक्य. तिसऱ्या मिनिटालाही तेवढंच. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तो नोंद घेण्याजोगा असतो. सोबत नाडी मोजायची, हे बरेचदा राहून जातं. इथे नाडी १८ ने वाढली. डायबेटिसने नसा बिघडल्या असत्या तर प्रेशर एवढं पडूनही ती जेमतेम हलली असती. म्हणजे बहुधा अंगातलं पाणी-मीठ कमी झालंय आणि गोळ्या जुन्याच ताकदीने चालू आहेत. फक्त बसवून प्रेशर बघितलं असतं तर ‘एकदम कंट्रोलमध्ये’ असं लिहून मोकळे झालो असतो.

पुढचा प्रश्न मिठाचा. "मीठ तर आम्ही केव्हाच बदललं," मुलगी म्हणाली, "लो सोडियमवालं आणलंय." आणि ते ‘चांगलं’ म्हणून जरा सढळ हातानेच वापरत होते.

इथे थोडं थांबायला हवं, कारण हे मीठ मुळात वाईट नाही. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, प्रमाण ब्रँडनुसार बदलतं. चीनमध्ये जवळपास २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७५ टक्के सोडियम क्लोराइड, २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असं मीठ वापरणाऱ्यांत स्ट्रोकचं प्रमाण १४ टक्के कमी निघालं. पण गंभीर किडनीविकार असलेले आणि पोटॅशियम अडवून ठेवणारी लघवीची औषधं घेणारे लोक त्या चाचणीत घेतलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस करताना किडनीचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि मुलं यांना वगळलं आहे. टेल्मिसार्टन किडनीतून पोटॅशियम बाहेर जाणं कमी करतं. रामिप्रिल, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या ब्लडप्रेशरच्या इतर गोळ्यांचंही तसंच. त्यात वरून रोज चमच्याने पोटॅशियम, आणि वहीत सकाळी एक मोठा ग्लास पालेभाज्यांचा रस.

रक्त पाठवलं. पोटॅशियम ५.९ आलं, म्हणजे वाढलेलं; क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा वेग, ५८. पोटॅशियमचा असा एकटा आकडा आला की नमुना पुन्हा घ्यायचा, हा माझा नियम आहे. दंडावरचा पट्टा फार वेळ आवळून ठेवला, पेशंटला मूठ उघडझाप करायला लावली किंवा नळीत रक्तपेशी फुटल्या, तर आकडा खोटा चढतो. दुसऱ्यांदा मूठ न वळवता घेतलं: ५.७. वाढलेल्या पोटॅशियमचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम दिसतो का म्हणून काढलेला ईसीजी ठीक होता. नसता, तर त्यांना भरती करावं लागलं असतं.

मग औषधांची यादी नव्याने लिहिली. ग्लिमेपिराइड बंद. मेटफॉर्मिन चालू, कारण एकटं मेटफॉर्मिन शुगर सहसा खाली पाडत नाही आणि ५८ च्या ईजीएफआरला त्याचा डोस कमी करावा लागत नाही (४५ च्या खाली विचार करतात, ३० च्या खाली बंद). टेल्मिसार्टन ८० वरून ४०. ते पूर्ण काढलं नाही, लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीला इजा झाली की लघवीत उतरणारं प्रथिन) तपासून व्हायचं होतं. अम्लोडिपिन तूर्त तसंच ठेवलं, आठवडाभर घरी बसून आणि उभं राहून प्रेशर लिहायला सांगितलं. पोटॅशियमचं मीठ आणि भाज्यांचा रस बंद, भाज्या चावून खायच्या. साधं मीठ, पण दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा, त्यात पाकिटातल्या पदार्थांतलंही आलं. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं.

आहाराला हात लावला नाही, ही गोष्ट घरच्यांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. त्यांना वाटलं होतं मी भात वाढवून देईन. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या चाचणीत लोकांना दिवसाला साडेआठशेच्या आतबाहेर कॅलरी देण्याआधी डायबेटिसच्या आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या. वर्षाअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांचा डायबेटिस औषधांशिवाय मर्यादेत होता. खाणं एवढं बदलायचं तर गोळ्यांचा बेत आधी ठरवावा लागतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता कार्बोहायड्रेट निम्म्यावर आणणं धोक्याचं. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची (साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी) गोळी चालू असेल तर आणखी वेगळा धोका: शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, साठू शकतात. उलटी, पोटदुखी, धाप ही लक्षणं दिसली तर केवळ ग्लुकोमीटरवर विसंबायचं नाही.

दोन भर मात्र घातल्या. एक, आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम: हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठबस, दहाचे दोन फेरे, श्वास न रोखता. नुसत्या कमी खाण्याने वजन उतरतं तेव्हा त्यात स्नायूही जातात, आणि या वयात ते परत कमावणं कठीण. दोन, बोट टोचायच्या वेळा बदलल्या. रोज सकाळचाच आकडा बघण्यापेक्षा एक दिवस नाश्त्याआधी आणि दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाचं तसंच, आणि थरथर झाली की त्या क्षणी.

निघता निघता मुलीने स्वतःचा रिपोर्ट पुढे केला. वय ३४, गरोदरपणात शुगर वाढली होती, मूल आता चार वर्षांचं. उपाशीपोटी १०९, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज) ६.२, हिमोग्लोबिन ९.८. बाबांसोबत तीही तेच जेवत होती. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसचा उंबरठा, हे खरं, पण लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी मुळात आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी सांगितली, आणि त्याआधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कार्बोहायड्रेट खायला सांगितलं. कमी कार्बोहायड्रेटवर असलेल्या माणसाला एकदम ग्लुकोज पाजलं, तर शरीराला त्याची सवय सुटलेली असते आणि आकडा विनाकारण चढतो. रात्रभर आठ तास तरी उपास, आणि चाचणीचे दोन तास बसून राहायचं, फिरायचं नाही. दोन तासांचा आकडा १५२ आला. १४० ते १९९ ही प्रीडायबेटिसची पट्टी, म्हणजे शंका खरीच होती.

तिच्या यादीत एकही गोळी नव्हती, त्यामुळे तिचा बेत साधा. अमेरिकेतल्या २००२ च्या डायबेटिस प्रतिबंध चाचणीत ध्येयं दोनच होती: सात टक्के वजन कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. सुमारे तीन वर्षांत डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. तिचं वजन ७२, म्हणजे पाच किलो, सहा महिन्यांत. बाबांइतका भात तोडायची गरज नाही. प्रत्येक जेवणात एक कपाच्या आत, आधी भाजी आणि डाळ, मग भात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं. डाळी आणि भाज्या आठवड्या-आठवड्याने वाढवायच्या आणि पाणीही, एकदम वाढवलं की पोट फुगतं आणि माणूस सोडून देतो. लोहाची गोळी चहापासून निदान तासभर लांब. शुगरची तपासणी दरवर्षी.

आठवड्याने बाबांचं पोटॅशियम ४.८, उभ्याने प्रेशर ११८/७४, थरथर एकदाही नाही. आता त्यांना मेटफॉर्मिनही सोडायचं होतं. "म्हणजे मी बरा झालो ना?" शुगरच्या सगळ्या गोळ्या थांबवून किमान तीन महिने झाल्यावर एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिला तरच त्याला रेमिशन म्हणतात, आणि तेव्हाही दरवर्षी डोळे, पाय, किडनी तपासायच्याच. डोळ्यांची तपासणी तर मी त्याच महिन्यात करायला लावली. बरीच वर्षं वाढलेली शुगर झपाट्याने खाली आली की आधीपासून बिघडलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो, आणि नऊ वर्षांत त्यांचा पडदा कुणी बघितलाच नव्हता.